फुकटचं रिटर्न आणि दादाचा नंबर

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो. मी नंदू शितोळे. शिक्षण आठवी पास, बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात फिटर, आणि सरकार जे फुकट देतं त्यासाठी मी कुणाच्या बापाला एक पैसा देणार नाही!

इन्कम टॅक्सचं रिटर्न सरकारी वेबसाइटवर फुकट भरता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे? दुकान नको, माणूस नको, टेबलाखालून काही नको. घरी बसा, भरा, पावती घ्या! मलाही वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत हे कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? ज्यांना ठाऊक आहे त्यांची दुकानं आहेत. नळ सरकारनं बसवलाय, पाण्याचं बिल नाही, फक्त तोटी दुसऱ्याच्या खिशात!

आमच्या घरची तोटी फतेगंजच्या यशराजच्या खिशात होती. काचेचं दार, आत एसी, बाहेर पाटी : ‘रिटर्न भरून मिळेल.’ दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या दुकानात भर गिऱ्हाइकांत उभा राहून मी विचारलं,

“काय रे, सरकार फुकट देतं ते तू विकतोस?”

“काका, मी सर्विस विकतो.”

“कसली सर्विस? बटण दाबायची?”

“कुठलं बटण दाबायचं, त्याची,” यशराज हसून म्हणाला. “तुम्ही भरा ना फुकट! कोण नाही म्हणतंय? कोण ना पाडे छे?”

“भरीनच! आमच्या शैलावहिनीचं यंदाचं रिटर्न मी भरणार, माझ्या हातानं!”

रांगेतल्या एका बाईनं टाळी वाजवली. त्या टाळीवर मी घरापर्यंत स्कूटरशिवाय आलो असतो, इतका हवेत होतो.

आता शैलावहिनी कोण ते सांगतो. दिनानाथ, म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको शैलावहिनी. बालवाडीत शिकवते. तिला कर पडत नाही; दादा होता तोवर तो तिचंही रिटर्न यशराजकडून भरून घ्यायचा, पण गेल्या वर्षी भरलंच नव्हतं. पण यंदा तिच्या मुलीला, सानवीला, पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिथल्या एका ट्रस्टच्या वसतिगृहात फुकट राहायची एक जागा उरली होती. अट एकच : आईच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून यंदाच्या रिटर्नची पावती पाठवा. तारीख ठरलेली, वेळ संध्याकाळी सहा. पावती नाही तर जागा पुढच्या मुलीला, आणि पुण्यात खोली भाड्यानं घेऊन राहायचं तर सानवीनं बडोद्यातच राहिलेलं बरं!

“भाऊजी, यशराजकडे देऊन टाकू का?” वहिनी दोन आठवडे रोज विचारायची.

“तू निर्धास्त राहा. दहा मिनिटांचं काम आहे.”

दहा मिनिटांचं काम माणूस चौदा दिवस सहज पुढे ढकलू शकतो. मी ढकललं. आणि तो शेवटचा दिवस नेमका पितृपक्षातला, दादाच्या श्राद्धाचा निघाला!

गोत्री भागातल्या वहिनीच्या फ्लॅटवर आम्ही सगळे जमलो. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. खीर, वडे, भात, सगळं दादाच्या आवडीचं. आणि कावळा येईना! समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर सहा कावळे ओळीनं बसले होते, पेन्शनच्या रांगेत बसल्यासारखे. बघत होते. हलत नव्हते.

ऊन असं पडलं होतं की गच्ची जरा जरा तरंगतेय असं वाटत होतं. गुरुजी घड्याळ बघत होते. माझे वडील अण्णा, वय ऐंशी, खुर्चीत बसून डोळे मिटून होते.

“काहीतरी राहिलंय त्याचं मनात,” माझी बायको सुहासिनी कुजबुजली. “कबूल करा काहीतरी.”

वहिनी म्हणाली, “सानवीला शिकवीन हो.” कावळे बसलेले. सानवी म्हणाली, “बाबा, मी रोज आईला फोन करीन.” कावळे बसलेले.

मग मी पुढे झालो. हात जोडले आणि कारखान्यात पंप चालू असताना बोलतो त्या आवाजात सांगितलं, “दादा! वहिनीचं रिटर्न आज मी भरणार! स्वतः भरणार! आणि एक पैसा कुणाला न देता, फुकट भरणार!”

टाकीवरचा एक कावळा सुटला तो थेट वड्यावर!

वहिनी रडली. सुहासिनी रडली. गुरुजी सुटलो म्हणून रडवेले झाले. मी मात्र ताठ उभा. माझ्या आणि सरकारच्या मधे आता खुद्द दादा साक्षीला होता.

जेवण झालं तेव्हा अडीच वाजले होते. आणि श्राद्धाचं जेवण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ते पोटात जात नाही, ते डोळ्यांवर जातं. बघता बघता घर आडवं झालं. दिवाणावर अण्णा, खाली चटईवर वहिनी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डोकं ठेवून सुहासिनी. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी उभी होती आणि भाजीवाला गाडीखाली झोपला होता. अख्खं बडोदं एका मोठ्या गोधडीखाली असल्यासारखं गुरगुरत होतं.

जागे दोघंच. मी आणि सानवी. माझ्या फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट दिलं आणि सानवीनं शोधायला घातलं.

“हे बघ! आलं!” मी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. तिरंगी पट्टी, खाली हसणारी बाई, ‘सोपं रिटर्न’. मी पॅन नंबर टाकला, वहिनीचं नाव टाकलं, पगार टाकला. शेवटी पान म्हणालं : पैसे भरा.

“काका, ही जाहिरात आहे. सरकारी नाहीये.”

“मग सरकारी कुठाय?”

“खाली.”

“सरकार खाली आणि दुकान वर? तिरंगा लावून?” मी टेबलावर हात आपटला. दिवाणावर अण्णांनी कूस बदलली. मी आवाज खाली आणला, पण राग वरच ठेवला. फुकटाच्या दारात दुकानं मांडायची आणि खरं दार मागच्या गल्लीत! वर ते दार इंग्रजीत. माझं इंग्रजी व्हॉल्व्हवरच्या पट्ट्या वाचून आलेलं. ‘ओपन’, ‘क्लोज’ आणि ‘डेंजर’ एवढं मला नीट कळतं. त्या पानावर मला सगळीकडे तिसराच शब्द दिसत होता.

पडद्यानं पासवर्ड मागितला. तो यशराजला ठाऊक. ‘पासवर्ड विसरलात?’ म्हणून सानवीनं दाबलं, तर पडदा म्हणाला, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतो, ज्याच्या शेवटी सत्तेचाळीस आहे त्या.

“सत्तेचाळीस कुणाचा?”

माझा नाही. सानवीचा नाही. वहिनीचा फोन तिच्या उशाखालून ओढून बघितला, तिचाही नाही. मग सानवीनं यशराजच्या दुकानाचं कार्ड आणलं. शेवटी सत्तेचाळीस!

पठ्ठ्यानं आमच्या वहिनीच्या खात्यावर स्वतःचा नंबर टाकून ठेवला होता. खातं वहिनीचं, किल्ली त्याची!

“काका, फोन करू या का त्यांना?”

कावळ्यासमोर मी काय बोललोय, ते मला आठवलं. पण वेळ साडेतीनची. “कर,” मी म्हटलं. “पण मी घरात नाही म्हणून सांग.” केला. बिझी. परत केला. बिझी. रिटर्नचीही शेवटची तारीख! अर्ध्या बडोद्याच्या किल्ल्या त्याच्याकडे, तो कशाला फोन उचलतोय!

पडद्यावर एक गोल फिरत होता. बारीक निळा गोल, फिरतोय, फिरतोय… पंखाही फिरतोय… मी त्या गोलाकडे बघत राहिलो आणि तो हळूहळू मोठा झाला. त्यातून दादा आला. बनियन आणि लेंगा. एका लांबलचक कचेरीत टेबलामागे बसला होता. कचेरीला भिंती नव्हत्या, नुसतं पिवळं ऊन होतं. लोक रांगेनं येत होते, हातात केळीची पानं. दादा प्रत्येक पानावर शिक्का मारत होता आणि म्हणत होता, फुकट आहे, फुकट आहे, पुढे चला. माझी पाळी आली. मी पान पुढे केलं. दादानं वर बघितलं आणि म्हणाला, “आधार आणलंस?”

“काका! काका! आधार! आधारवरूनही होतं!” सानवी मला हलवत होती.

मी दचकून उठलो. वहिनीचा आधार नंबर टाकला. पडदा म्हणाला, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, पंधरा मिनिटांत टाका.

“कुठला नंबर जोडलाय?”

सानवीनं आठवून बघितलं. मग म्हणाली, “बाबांचा. आमच्या घरात सगळ्यांच्या आधारला बाबांचाच आहे.”

आमच्याकडे हे असंच. गॅस, वीज, शाळा, आधार, सगळ्याला घरातल्या पुरुषाचा नंबर. बाईच्या नावावर नंबर असतो हे कुणाच्या मनातच येत नाही. माझ्या घरातही तेच आहे, उगाच खोटं कशाला बोलू! पुरुष गेला की घराला कुलूप.

“पण तो नंबर तर बंद झाला असेल,” सानवी म्हणाली.

मला नंबर पाठ होता. बोटं आपोआप फिरली. माझा फोन इंटरनेटला अडकलेला, म्हणून दिवाणावर अण्णांच्या कुशीला पडलेला त्यांचा फोन उचलला आणि लावला. आता बाई सांगेल की हा नंबर अस्तित्वात नाही, असं मनाशी म्हणतोय तोच…

रिंग वाजली!

एकदा. दोनदा. चार वेळा. मग पलीकडे कुणीतरी उचलला. जड, झोपाळू, खोल विहिरीतून आल्यासारखा पुरुषी आवाज.

“हो अण्णा. जेवलो.”

माझ्या हातून फोन सुटला तो खिरीच्या पातेल्यात!

तुम्ही हसाल. हसा! श्राद्धाच्या दिवशी, कावळा शिवून गेल्यावर, भावाच्या नंबरवरून कुणी तुम्हाला जेवलो म्हणून सांगू द्या, मग बघतो तुमची छाती. मी फोन बाहेर काढला, धोतराला… म्हणजे पँटला पुसला. चालू होता.

“दा… दादा?”

“हें? कोण बोले छे?” आवाज एकदम जागा झाला. “अण्णा नथी?”

“मी नंदू. तू… तुम्ही कोण?”

“हुं प्रतापसिंह. वॉचमन छुं. रातपाळी करीने सूतो छुं, भाई!”

जीव भांड्यात पडला. म्हणजे दादाचा नंबर कंपनीनं दुसऱ्याला दिला होता. मी घाईघाईनं माझ्या नंदेसरी गुजरातीत त्याच्याकडे ओटीपी मागितला, “प्रतापसिंहभाई, तमारा फोन पर एक ओटीपी आव्यो छे, जरा आपोने!”

पलीकडे मग स्फोट.

“ओटीपी? ओटीपी कोईने आपवानो नहीं! रोज टीव्हीमां कहे छे!”

“अहो, मारा भाईनो नंबर छे! ए गुजरी गया! आजे एमनुं श्राद्ध छे!”

“श्राद्धना दिवसे ठगवा बेठा छो? शरम नथी आवती? अण्णानो फोन चोरीने? हमणां ज पोलीसमां आपुं छुं!”

ठप्प. फोन कापला.

मी परत लावला. कापला. परत. कापला. पंधरा मिनिटं संपली, ओटीपी मेला. नवा मागवला. पडदा म्हणाला, जपून, फार वेळा मागू नका. पावणेपाच! सानवीचे डोळे भरले. आवाजानं सगळे उठले. वहिनी केस बांधत विचारू लागली, “झालं का भाऊजी?” सुहासिनीनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खिरीनं माखलेल्या फोनकडे.

“दहा मिनिटांचं काम होतं ना?” ती म्हणाली.

मी सानवीला परत यशराजला फोन लावायला सांगितलं. खरं सांगतो, त्या क्षणी एसीत बसलेला यशराज मला सरकारपेक्षा दयाळू वाटला. त्याला हवे तेवढे पैसे दिले असते. पण तो फोन उचलत नव्हता आणि फतेगंजला जाऊन रांगेत उभं राहायला वेळ नव्हता. रागावलेल्या माणसाचं असं होतं. मी बरोबर होतो! शंभर टक्के बरोबर होतो! आणि माझ्या बरोबर असण्यानं पोरीची जागा जात होती.

“काय गोंधळ आहे रे?” अण्णा दिवाणावर उठून बसले. “आणि माझा फोन चिकट का?”

मी सांगितलं. दादाच्या नंबरवर कुणी प्रतापसिंह आहे, त्याच्याकडे आकडा आलाय, तो देत नाही.

“मग मला नाही का उठवायचं?” अण्णा म्हणाले. फोन हातात घेतला, न बघता एकच बटण दाबलं आणि कानाला लावला. पलीकडून लगेच उचलला गेला, बहुधा मला शिव्या द्यायलाच.

“प्रताप? हो, मीच. नाही रे, चोर नाही, तो माझा धाकटा. बोलतो असाच, मनानं बरा आहे. काय आकडा आलाय तो सांग बघू… सहा… शून्य… शून्य… लिही गं सानवी… आठ… एक… तीन.”

सानवीनं टाकला. दार उघडलं!

आम्ही सगळे अण्णांकडे बघत होतो. वहिनीनंच विचारलं, “अण्णा, तुम्ही… ओळखता त्यांना?”

अण्णांनी पंच्यानं फोनवरची खीर पुसली. सावकाश.

“वर्ष झालं. रोज तीनला करतो.”

“पण अण्णा, दादा तर…”

“मला कळत नाही होय रे? मीच तर घाटावर उभा होतो.” त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. “एकदा चुकून लागला. सवयीनं. त्यानं उचलला. मी विचारलं, जेवलास का? तो बिचारा म्हणाला, हो जेवलो. राँग नंबर म्हणाला नाही. मग काय. दुसऱ्या दिवशी पण केला. तेवढं मराठी शिकलाय तो.”

पंखा फिरत होता. दुपार उतरायला लागली होती, भिंतीवरचं ऊन दादाच्या फोटोखालून सरकत दाराशी गेलं होतं. मला परत ती बिनभिंतीची कचेरी आठवली.

“अरे, भरा ना ते! सहा वाजतायत!” सुहासिनी ओरडली तेव्हा सगळे भानावर आले.

मग जे काही झालं ते रिटर्न नव्हतं, लग्नघर होतं. सानवी टाइप करतेय, मी वहिनीच्या पगाराचे कागद वाचून दाखवतोय, आणि अण्णा मधे बसून फोनवर. प्रतापसिंहला लाइनीवरच ठेवला होता, कारण शेवटी सहीऐवजी अजून एक ओटीपी लागणार होता.

“प्रताप, झोपू नको हं.”

“नथी सूतो, अण्णा. चा मूकी छे.”

“चहात आलं टाकलंस?”

“काका, बँकेचा कोड!” सानवी.

“वहिनी, बँकेचा कोड!” मी.

“पासबुक देवघरात!” वहिनी धावली.

आणि ते फॉर्म, सांगू का, सोपे होते! पगार आधीच भरलेला होता, नाव भरलेलं होतं, कर शून्य. खरंच दहा मिनिटांचं काम! पण त्या दहा मिनिटांपर्यंत पोहोचायला आम्हाला एक गेलेला भाऊ, एक ऐंशीचे वडील आणि रात्रपाळीचा एक वॉचमन लागला. ज्यांच्याकडे हे तिघं नाहीत, त्यांनी काय करायचं, ते सरकारनं मला लिहून कळवावं! साध्या मराठीत कळवावं!

पाच वाजून एकावन्न मिनिटांनी प्रतापसिंहनं शेवटचा आकडा सांगितला. तो गोल फिरला, फिरला आणि थांबला. हिरवी खूण! सानवीनं पावती पुण्याला पाठवली. सहाला दोन मिनिटं कमी असताना उत्तर आलं : मिळाली, जागा पक्की.

सानवीनं अण्णांना मिठी मारली. मला कुणी मारली नाही, पण मी जवळच उभा होतो. वहिनीनं फोन मागून घेतला. दोनदा आभार मानले. शेवटी म्हणाली, “भाई, रविवारी जेवायला या.” पलीकडून तो काहीतरी म्हणाला. ती हसली, मग पदर डोळ्यांना लावून गच्चीवर गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात आणि कॉलनीत छाती काढून फिरलो. फुकट भरलं! एक पैसा न देता! वहिनीच्या नावावर वहिनीचा नंबर टाकला, सुहासिनीच्याही टाकला. लोक विचारायला यायला लागले, नंदूभाई, कसं भरायचं? मी सांगतो. ठणकावून सांगतो. प्रतापसिंहचा विषय तेवढा गाळतो.

गेल्या मंगळवारी मला सुट्टी होती. जेवण झालं, सुहासिनी आडवी झाली. बाहेर तसंच ऊन, तशीच गुरगुरणारी दुपार. माझा हात फोनकडे गेला. तीन वाजता दादाचा नंबर लावला तर बिझी. साडेतीनला परत लावला. उचलला. मी नाव सांगितलं.

“नंदुभाई? ओटीपी तो नथी आव्यो.”

“माहीत आहे.”

“तो पछी? शुं काम हतुं?”

सांगायला खूप होतं. दोन वर्षांचं होतं. पण कुणाच्या बापाला न भिणारा हा नंदू शितोळे घसा खाकरून “राँग नंबर!” म्हणाला, आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपला.